जुनी व्हिडिओ गेम मशिनं जमवायचीत? नाशकातून सुरुवात अशी करा

पहिली गोष्ट आधी सांगतो. मशीन शोधायला निघायच्या आधी एक जुना टीव्ही मेकॅनिक शोधा. बहुतेक जण उलटं करतात, आधी कुठून तरी मशीन उचलून आणतात आणि मग ते चालू कोण करून देईल म्हणून गावभर फिरतात, तोवर एक पावसाळा निघून जातो आणि जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते पण जातं. कॅबिनेट म्हणजे प्लायवूडच आहे, चांगला सुतार परत बनवून देतो. गेमचा बोर्ड, म्हणजे गेम ज्या सर्किटवर चालतो तो, आज ना उद्या कुठून तरी मिळतो. पण रंगीत पिक्चर ट्यूब, म्हणजे सीआरटी, आता नवीन बनत नाही, जी आहे ती आहे, आणि ती जिवंत ठेवणारी माणसं आता साठीच्या पुढे गेलीत. पंचवटी, सिडको, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, कुठेही जा, एकेकाळी टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं तिथे आज एलईडी नाहीतर मोबाईलचं काम चालतं. पण आत माळ्यावर बघा, एखादी उघडी चासी, म्हणजे टीव्हीच्या आतला सर्किटचा सांगाडा, हमखास पडलेली असते. तिथे जायचं आणि सरळ विचारायचं, "काका, सीआरटीचं काम अजून करता का? गेमच्या मशीनचा मॉनिटर आहे, आरजीबी इनपुटवाला." काका "आण बघू" म्हणाले की तुमचं अर्धं कलेक्शन तिथेच उभं राहिलं. त्यांना घाई करू नका, पैशात घासाघीस तर अजिबात करू नका, आणि जमलं तर शेजारी बसून शिका, कारण हे ज्ञान कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही आता.

आता नेमकं काय जमवायचं ते ठरवा. जगाच्या हिशोबाने बघाल तर यादी फार मोठी आहे, १९७८ चं टायटोचं स्पेस इनव्हेडर्स, १९८० चं नामकोचं पॅक-मॅन, १९८१ चं निन्टेंडोचं डाँकी काँग, याच्या अस्सल मशिनी सगळे कलेक्टर शोधत असतात आणि त्या आपल्याकडे क्वचितच दिसतात. आपल्याकडे जे खरंच खेळलं गेलं ते मुख्यतः नव्वदचं दशक. कॅपकॉमचं १९९१ चं स्ट्रीट फायटर टू. त्याच कॅपकॉमचं १९९३ चं कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, जे इथे कोणी त्या नावाने ओळखतच नाही, सगळे मुस्तफा म्हणतात, त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचं नाव आहे ते. मग एसएनकेच्या निओ जिओ नावाच्या सिस्टिमवरचं १९९६ चं मेटल स्लग, आणि १९९७ चं किंग ऑफ फायटर्स. माझं स्पष्ट मत आहे की नाशकात राहून कलेक्शन करायचं तर हेच करा. परदेशातून वापरलेलं मशीन मागवणं म्हणजे परवानगी, ड्युटी, भाडं आणि वर जपानी मशीन शंभर व्होल्टचं, अमेरिकन एकशे दहा-वीसचं, म्हणजे इथल्या २३० ला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आला. पहिल्या मशीनला हे सगळं नकोच. आणि खरं कारण वेगळं आहे, पॅक-मॅनचं मूळ मशीन सांभाळणारे जगात खूप लोक आहेत, पण मनमाडच्या स्टँडजवळ किंवा नाशिकरोडला एखाद्या गाळ्यात उभं असलेलं सनमायका मारलेलं लोकल बॉडीचं मशीन सांभाळणारं कोणीच नाही. ते आपण नाही ठेवलं तर ते भंगारात जाणार, इतकं साधं आहे.

अजून एक, आणि हे आधी कळलं तर खूप पैसे वाचतात. कलेक्शन बोर्डांचं करायचं, कॅबिनेटचं नाही. १९८५ साली जपानमध्ये जामा नावाचं वायरिंगचं स्टँडर्ड आलं, ५६ पिनांचा एकच कनेक्टर, एका बाजूला २८ दुसऱ्या बाजूला २८, त्यातूनच पॉवर, चित्र, आवाज, जॉयस्टिक, बटणं, कॉईन सगळं जातं. म्हणजे एक बोर्ड काढला दुसरा लावला की त्याच मशीनमध्ये दुसरा गेम. आपल्याकडचे व्हिडिओ गेम पार्लरवाले हेच करायचे, मशीन तेच आणि गेम जुना झाला की फक्त बोर्ड बदलायचा. तर चांगल्या ट्यूबचं एक जामा मशीन घ्या, ते नीट करा, आणि मग बोर्ड जमवत जा. बोर्ड कपाटाच्या एका खणात मावतात. मशीन मात्र साधारण साडेपाच-सहा फूट उंच, दोन-सव्वादोन फूट रुंद आणि शंभर किलोच्या वर भरतं, आणि फ्लॅटमध्ये दुसरं आलं की घरच्यांचा चेहरा बघून कळतं जागा संपली.

मशीन शोधायचं कुठे

ऑनलाईन जाहिराती बघा, पण त्यावर अवलंबून राहू नका. तिथे जे येतं ते आधीच कोणीतरी "व्हिंटेज" म्हणून भाव वाढवून टाकलेलं असतं, किंवा नवीन कॅबिनेटमध्ये मल्टीगेम बोर्ड, म्हणजे एकाच बोर्डात अनेक गेम, आणि एलईडी स्क्रीन टाकलेलं असतं, जे खेळायला छान आहे पण ते जुनं मशीन नाही.

खरा माल माणसांकडून मिळतो. पूर्वी ज्यांची पार्लर होती ते लोक अजून आहेत, कोणी तिथेच मोबाईलचं दुकान टाकलंय, कोणी झेरॉक्स, कोणी किराणा. आणि प्रत्येक दुकानदाराचं मशीन स्वतःचं नसायचं, ऑपरेटर असायचा, तो चार-पाच दुकानांत मशिनं लावायचा आणि गल्ल्यातले पैसे वाटून घ्यायचे. हा ऑपरेटर सापडला तर त्याच्या गोडाऊनमध्ये बोर्ड, हार्नेस (वायरींची जुडी), जॉयस्टिक, कॉईनचे डबे सगळंच असू शकतं. विचारताना आर्केड वगैरे म्हणू नका, "शेठ, तुमच्याकडे रुपया टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन होतं ना, ते कुठेय आता?" असं विचारा, लगेच चेहरा खुलतो, आणि मग चहा येतो आणि मग पुढचं बोलणं होतं.

यात्रा सोडू नका. नवरात्रात कालिकादेवीची यात्रा, चंदनपुरीची खंडोबाची, नैताळ्याची मतोबा महाराजांची, वणीच्या गडावरची चैत्राची, इथे पाळणेवाले आणि खेळवाले गावोगाव फिरून येतात, त्यांचं जाळं फार मोठं असतं. त्यांच्याकडे आज मशीन नसेल पण कोणाकडे पडून आहे ते त्यांना माहीत असतं. दिवसा दुपारी जा, संध्याकाळी धंद्याच्या वेळेला त्यांना त्रास देऊ नका. हायवेवरचे जुने ढाबे, इगतपुरीकडची जुनी रिसॉर्ट, सिंगल स्क्रीन थिएटरचं फॉयर, हे पण बघून ठेवा.

आणि भंगारवाले. अंबड-सातपूर लिंक रोडचा मोठा भंगार बाजार महापालिकेने उठवला, पण धंदा करणारी माणसं संपत नाहीत. त्यांच्या फोनमध्ये मशीनचा फोटो टाकून ठेवा आणि दोन गोष्टी नीट समजावून सांगा. एक, किलोच्या भावापेक्षा जास्त देणार. दोन, हात लावायच्या आधी फोन करायचा. कारण भंगारात मशीन आलं की पहिलं काम काय होतं तर ट्यूबच्या मानेवरच्या योकमधलं, म्हणजे कॉईलमधलं, तांबं काढायचं, आणि ते काढताना ट्यूबची मान तुटते, की संपलं. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार भरतो तिथे मशीन नाही मिळणार, पण जॉयस्टिक, जुने ट्रान्सफॉर्मर, स्पीकर असं काहीबाही दिसतं कधीतरी, चक्कर मारायला हरकत नाही.

बघायला गेलात की

सोबत टॉर्च, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि सिरीज बोर्ड. सिरीज बोर्ड म्हणजे शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब मशीनच्या लाईनमध्ये सिरीजला जोडलेला, कुठलाही इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत बनवून देतो. विक्रेत्याला फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. दहा-पंधरा वर्षं बंद असलेलं मशीन डायरेक्ट लाईनला लावलं आणि आत कुठे शॉर्ट असेल तर जे वाचलं होतं ते पण जळतं.

आधी मागचं दार उघडून नुसतं बघा. उंदरांनी वायरी खाल्ल्यात का, फ्यूजच्या जागी तार गुंडाळलीये का, कुठे काळं झालंय का. मग खाली बसून तळ बघा, नाशकात हे फार महत्त्वाचं आहे, सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाकाठची सगळी जुनी पेठ पुरात जाते, २०१६ आणि २०१९ च्या पुरात तळमजल्यावरची दुकानं पाण्यात होती. अशा ठिकाणच्या मशीनवर प्लायला पाण्याची रेघ दिसते, खालचा भाग फुगलेला असतो, स्क्रूंना गंज एका ठरावीक उंचीपर्यंतच असतो. पाणी पॉवर सप्लायपर्यंत गेलं असेल तर तो खर्च धरा. पाणी मॉनिटरपर्यंत गेलं असेल तर नमस्कार करून निघा. वाळवीची माती कोपऱ्यात दिसली तर मशीन आहे तसं घरात आणू नका, आधी बाहेर ट्रीटमेंट, नाहीतर घरातलं फर्निचर जाईल.

मग सिरीजवर चालू करा. बल्ब एकदा भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सिरीजवर चित्र येईलच असं नाही, तेवढा करंट मिळत नाही, पण धोका कळतो. ठीक वाटलं तर डायरेक्ट लावा आणि ट्यूबच्या मानेकडे बघा, अंधारात नारिंगी उजेड दिसायला पाहिजे. तो हीटर. तो पेटला म्हणजे ट्यूबमध्ये जीव असण्याची शक्यता आहे.

चित्र आलं तर ते वाचायला शिका. पडद्याच्या मधोमध नुसती एक आडवी रेघ, म्हणजे व्हर्टिकल सेक्शन, चित्र उभं पसरवणारा भाग, गेला, बहुतेक वेळा आयसी किंवा एखाद-दोन कॅपॅसिटर, स्वस्तात होतं, फक्त मशीन तसंच चालू ठेवू नका, ती रेघ पडद्यावर कायमची जळते. चित्र कडेने लाटांसारखं हलतंय तर फिल्टर कॅपॅसिटर. एक रंगच गायब तर आधी वायर बघायची, मग ट्यूबच्या सॉकेटवरचा छोटा बोर्ड. चित्र फिरतंय किंवा तिरकं फाटतंय तर सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरणारा सिग्नल. हे सगळं काकांच्या हातचं काम आहे, घाबरू नका, उलट भाव कमी करायला उपयोगी आहे. पण चित्र अंधुक, वीस मिनिटं तापल्यावरही फोकस येत नाही, रंग पसरलेले, ब्राईटनेस वाढवला की सगळं चंदेरी होतं, तर ट्यूब थकली आहे. आणि बंद पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघा, जुन्या गेमचं नाव किंवा स्कोअरची जागा काचेवर जळून बसलेली असते कधीकधी. थोडं असेल तर मला स्वतःला चालतं, ते त्या मशीनचं आयुष्य आहे, पण त्याचा भाव मात्र कमी झाला पाहिजे.

भाव ठरवताना मशीन बंद आहे असंच धरून बोला, चालू असलं तरी, कारण आज चालू असलेलं जुनं मशीन छोट्या हत्तीतून आल्यावर चालू राहील याची खात्री कोणी देत नाही. आणि जेवढे पैसे मशीनला देणार साधारण तेवढेच वाहतूक आणि दुरुस्तीला बाजूला काढून ठेवा, सगळे मशीनवरच संपवले तर ते घरात नुसतं उभं राहतं. एक विनंती, ज्यांनी मशीन वीस वर्षं सांभाळलं त्यांना उगाच पाडून भाव करू नका. रीतसर घ्या, साधी का होईना पावती लिहून घ्या, आणि किल्ल्या, जादा बोर्ड, जुनी नाणी काही पडलंय का ते जाता जाता विचारा. बऱ्याचदा सगळ्यात भारी बोर्ड त्या पिशवीत असतो.

आणताना

उभंच आणा. आडवं करायचीच वेळ आली तर पाठीवर, पडदा वर, आणि आधी मॉनिटरचे बोल्ट आवळून घ्या. गेमचा बोर्ड आधीच काढून वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवा, गल्ल्याचा डबा पण काढा, तो आत आदळत येतो. गोधड्या गुंडाळा, दोऱ्या प्लायच्या कोपऱ्यावर थेट नको, मध्ये पुठ्ठा. मुंबईहून येत असेल तर कसारा घाटात ड्रायव्हरला घाई करू देऊ नका, आणि पावसाळ्यात शक्यतो आणूच नका. प्लास्टिक गुंडाळून आणलं तर घरी येताच काढा, आत घाम धरतो. आणि हो, निघायच्या आधी आपल्या दाराचं आणि लिफ्टचं माप घ्या, टेपने, अंदाजाने नाही.

घरी आल्यावर पहिला आठवडा

लगेच खेळायला घेऊ नका. ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढा, पण मॉनिटरच्या भागाला हात लावायच्या आधी हे वाचा. पिक्चर ट्यूबच्या वरच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या वर असतात, आणि प्लग काढला तरी ट्यूब तो चार्ज धरून ठेवते, कधीकधी बराच वेळ. एकदा डिस्चार्ज केला तरी थोड्या वेळाने परत थोडा जमा होतो. शिवाय चासीवरच्या मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये मेनचा चार्ज वेगळाच. हे व्हिडिओ बघून करायचं काम नाही. काकांना घरी बोलवा, ते करताना बघा, पुढच्या वेळी त्यांच्यासमोर तुम्ही करा, एक हात खिशात, अंगठी-घड्याळ काढून. ट्यूबची मान सगळ्यात नाजूक, तिला धरून कधी उचलू नका, आणि उघडी ट्यूब हाताळताना डोळ्यांवर गॉगल. लहान मुलं घरात असतील तर मागच्या दाराला कुलूप पाहिजेच पाहिजे.

अर्थिंग तपासा. कंट्रोल पॅनल पत्र्याचा असतो, कॉईनचं दार लोखंडाचं, हात दोन्हीला लागतो. जुन्या लोकल मशिनींना टू-पिन लावलेली असते, ती काढून थ्री-पिन आणि आतल्या सगळ्या धातूला अर्थ. मॉनिटरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागत असेल आणि कोणी मध्येच काढून टाकला असेल तर तो परत बसवा, काही चासींना त्याच्याशिवाय लाईनचा करंट बॉडीला येतो.

मग पॉवर सप्लाय. बोर्ड न लावता आधी व्होल्टेज मोजा, पाच, बारा आणि काही जुन्या बोर्डांना लागतो तो मायनस पाच. बोर्ड लावल्यावर पाच व्होल्ट परत मोजा, या वेळी बोर्डावरच, कारण लोड आला आणि जुनी वायर असली की ते चार पॉईंट सात-आठवर येतं, आणि मग गेम मध्येच रिसेट मारतो, लोक म्हणतात बोर्ड खराब आहे, बोर्डाला काही झालेलं नसतं. सप्लायवर छोटा स्क्रू असतो त्याने पाच ते पाच पॉईंट एकवर आणा, सव्वापाचच्या वर कधीही नको, चिप जातात. सप्लाय फारच जुना असेल तर गेमच्या मशीनचा नवीन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) टाका, यात जुनंच पाहिजे हा हट्ट नको.

मॉनिटरच्या चासीतले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सरसकट बदलून घ्या, १०५ डिग्रीवाले, साधे ८५ चे नको. एमजी रोडला साधारण सगळ्या व्हॅल्यू मिळतात. एलओटी (ट्यूबचं हाय व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा एखादा जुना आयसी अडला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, दादरला उतरून ग्रँट रोड, आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. जुना पार्ट सोबत न्या, नंबर लिहून नेला तर चुकीचं मिळतं.

बोर्डांचं थोडं

जामा कनेक्टर उलटा लावता येतो, आणि उलटा लावून चालू केलं तर बोर्ड गेला. हार्नेसला की म्हणजे खाच अडवणारा तुकडा असतो, आपल्याकडे तो बऱ्याचदा पडून गेलेला असतो, तर आधी मार्करने पार्ट्स साईड (बोर्डाची चिपांची बाजू) लिहून ठेवा. बोर्डाच्या कडेचे सोनेरी पट्टे खोडरबराने हलके घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निम्मे "डेड" बोर्ड एवढ्यावर उठतात.

बोर्डावर बॅटरी दिसली तर लगेच लक्ष द्या. निओ जिओच्या बऱ्याच बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती गळते आणि आजूबाजूच्या ट्रॅक खाऊन टाकते. कापून काढा, हिरवं-पांढरं झालेलं पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग अल्कोहोल. कॅपकॉमच्या सीपीएस-टू सिस्टिमच्या आणि क्यूसाऊंड नावाच्या आवाजाच्या सिस्टिमवाल्या अस्सल बोर्डांची गोष्ट बरोबर उलटी, तिथे बॅटरी गेली की गेमच मरतो, गेम उलगडणारी डिक्रिप्शनची की त्या बॅटरीवर टिकून असते, त्यामुळे तिथे कापायची नाही, व्होल्टेज बघून माहितगाराकडून वेळेत बदलून घ्यायची. अस्सल मुस्तफा त्यातच येतो. इथे जे मुस्तफा मिळतात त्यातले बरेच कॉपी बोर्ड आहेत, त्यांना ही भानगड नसते पण आवाज मूळसारखा येत नाही. सीपीएस-वन, म्हणजे कॅपकॉमची सीपीएस-टू च्या आधीची सिस्टिम, अस्सल असेल तर एकावर एक बोर्डांची थप्पी असते आणि कॅपकॉमची छपाई स्पष्ट दिसते, एकच मोठा सपाट बोर्ड आणि चिपांची नावं खरवडलेली असतील तर कॉपी समजा. कॉपी घ्यायला कमीपणा मानू नका, आपल्याकडची पोरं त्याच बोर्डांवर खेळलीयेत, फक्त भाव अस्सलचा देऊ नका. आणि चिपांवरचे कागदी स्टिकर सोलू नका, ईप्रॉमला, म्हणजे गेमचा डेटा असलेल्या चिपला, खिडकी असते, उजेडाने आतला डेटा हळूहळू पुसला जातो.

मल्टीगेम बोर्ड, पँडोरा वगैरे, एक घेऊन ठेवायला हरकत नाही, मशीन टेस्ट करायला आणि पाहुणे आले की लावायला बरा पडतो. पण त्याच्यासाठी जुना बोर्ड आणि सीआरटी काढून एलईडी टाकू नका. जामाचं चित्र १५ किलोहर्ट्झचं असतं, कॉम्प्युटरचा मॉनिटर ते थेट घेत नाही, मध्ये कन्व्हर्टर टाकावा लागतो आणि ते चित्र या गेमचं राहत नाही. हे गेम काढणाऱ्यांनी समोर ट्यूबच ठेवून काढलेत.

बटणं, जॉयस्टिक, नाणं

बटणांखालचे मायक्रोस्विच स्वस्त आहेत, सगळे एकदम बदला. स्ट्रीट फायटरला सहा बटणं लागतात पण जामामध्ये तेवढी जागा नाही, किकच्या तीन बटणांची वायरिंग बोर्डावर वेगळ्या कनेक्टरला जाते, ती हार्नेस नसली की किक लागत नाहीत. मुस्तफाला दोन पुरतात, निओ जिओला चार. पॅक-मॅनसारखा गेम लावणार असाल तर जॉयस्टिकची प्लेट फोर-वे, म्हणजे चारच दिशांची, करून घ्या, एट-वेवर तो वळणावर अडकतो.

नाण्याची गंमत आहे. १९९२ पासूनचं स्टीलचं एक रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं होतं, २०११ पासूनचं जवळपास २२ चं. जुन्या मापाला लावलेल्या मेकमध्ये, म्हणजे नाणं तपासणाऱ्या भागात, नवीन रुपया टाकला तर सरळ परत येतो. काही लोक मेकच बदलतात किंवा बोर्डावरच्या छोट्या डीप स्विचने फ्री प्ले, म्हणजे नाण्याशिवाय खेळता येईल असं, करून टाकतात. मला विचाराल तर मेक आहे तसाच ठेवा आणि जुने मोठे रुपये गोळा करा, अजून सुट्ट्यात येतात, वाटीभर मशीनवर ठेवा. आलेल्या माणसाने नाणं टाकून खेळलं पाहिजे, तो खणकन आवाज आणि मग क्रेडिट पडणं यातच अर्धा गेम आहे. फक्त बाहेर कुठे दुकानात ठेवून लोकांकडून पैसे घ्यायचे असतील तर परवान्याचं प्रकरण येतं, ते आधी विचारून घ्या.

ठेवायचं कसं

भिंतीपासून थोडं लांब, जमिनीपासून वर, खाली रबरी पाय किंवा लाकडी पट्ट्या. गोदाकाठच्या तळमजल्यावर गोडाऊन कितीही स्वस्त मिळालं तरी नको. पश्चिमेच्या खिडकीसमोर पण नको, उन्हाने साईड आर्ट, म्हणजे बाजूचं चित्र, उडतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा, आतली ओल निघते. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, आणि खेळून झालं की प्लग काढा, वळवाच्या पावसात वीज कडाडली की पहिला फटका चासीला बसतो.

रंगरंगोटी करताना हात आवरा. कोणीतरी ब्लेडने कोरलेलं नाव, सिगारेटचा डाग, आत खडूने लिहिलेला हिशोब, मागच्या दारावर रंगवलेला ऑपरेटरचा सहा आकडी फोन नंबर, हे सगळं राहू द्या. लाकूड मजबूत करा, खिळखिळं झालेलं बसवा, पण सनमायका उखडून नवीन चकचकीत करू नका. मार्की, म्हणजे वरची गेमच्या नावाची पाटी, फुटलीच असेल तर जुनीचा नीट सरळ फोटो काढून ग्लो साईनवाल्याकडून छापून घ्या आणि जुनीचे तुकडे जपून ठेवा. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत, वर चिठ्ठी. आणि एक वही करा, मशीन कोणाचं होतं, कुठल्या दुकानात उभं होतं, कोणते गेम लागायचे, रुपयाला किती लाईफ मिळायची, हे मालकाकडून मशीन घेतानाच विचारून लिहा, पुढच्या वेळी विचारू म्हणाल तर राहून जातं. नाशकात कुठे कुठे ही पार्लर होती याची कुठेच नोंद नाही, ती अशाच वह्यांमधून तयार होईल.

ज्या ट्यूब खरंच गेल्या त्या कचऱ्यात टाकू नका, काचेत शिसं असतं, अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पण त्याआधी काकांना एकदा दाखवा. योक, सॉकेट, एलओटी काढून ठेवतील ते, आणि तुमच्या दुसऱ्या मशीनला नेमकं त्यातलंच काहीतरी लागेल.